डोळ्यांचे दुसरे काम

१९९५ साली बॉस्टनमधील चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा अंध व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या अकरा जणांना उजेड आणि अंधार यांतला फरकसुद्धा कळत नव्हता. समोर दिवा लावला काय, विझवला काय, त्यांच्या लेखी सारखेच. रात्री रक्तातले मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र कळवणारे संप्रेरक, चढलेले असताना त्यांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश सोडण्यात आला. सात जणांत काही फरक पडला नाही, एकाच्या रक्तात मेलॅटोनिन मोजण्याइतके नव्हतेच. उरलेल्या तिघांचे मेलॅटोनिन मात्र उतरले, डोळस माणसाचे उतरते तसेच. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पाहिले तेव्हा ते उतरले नाही. म्हणजे प्रकाश डोळ्यांवाटेच आत जात होता, मेंदूपर्यंत पोचत होता आणि रात्र संपली असे शरीराला सांगत होता. ज्याचे ते डोळे, त्याला मात्र याचा पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात होती. या तिघांना रात्री नीट झोप येत असे. बाकीचे आठ जण मात्र झोपेच्या तक्रारींनी वर्षानुवर्षे त्रासलेले होते. दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगी समजून काढून टाकायचा निर्णय शल्यविशारद घेत असत. या प्रयोगानंतर तो निर्णय पूर्वीइतका सोपा राहिला नाही. ज्या डोळ्याला दिसत नाही तो डोळाही काम करत असू शकतो.

हे पुस्तक डोळ्यांच्या या दुसऱ्या कामाविषयी आहे. प्रकाशामुळे आपल्याला दिसते, एवढेच आपण शाळेत शिकलो. पण प्रकाश आपल्याला जागे ठेवतो, झोपेची वेळ ठरवतो, शरीराचे तापमान वरखाली करतो, कोणत्या प्रहरी साखर नीट पचेल आणि कोणत्या प्रहरी हात चुकेल यातही लक्ष घालतो. आणि हे सारे आपल्याला न विचारता, न कळवता. मराठीत झोपेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आहारावर तर त्याहून जास्त. उजेडावर मात्र फारसे नाही. उजेड फुकट असतो आणि सगळीकडे असतो, म्हणून तो पुरेसा मिळतोच असे आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे दिवस फार अंधारे झाले आहेत. त्यांच्या रात्री फार उजळ झाल्या आहेत हेही खरे, पण तो दुसरा मुद्दा आहे आणि पहिल्याशिवाय तो समजत नाही.

शरीराला वेळ कळते कशी, येथून सुरुवात करावी लागते. १७२९ मध्ये फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ झाँ-झाक दॉर्तू द मेराँ यांनी लाजाळूच्या जातीचे एक झाड अंधारात ठेवले. दिवसा पाने उघडायची आणि रात्री मिटायची हा त्याचा क्रम सूर्य दिसत नसतानाही चालू राहिला. वेळ झाडाच्या आतच होती. माणसाबाबत हे नीट तपासायला दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकात जर्मनीत युर्गेन आशॉफ आणि रुटगर वेव्हर यांनी आंडेक्स गावी जमिनीखाली खोल्या बांधल्या. तेथे घड्याळ नाही, खिडकी नाही, बाहेरचा आवाज नाही. स्वयंसेवक आठवडेच्या आठवडे तेथे राहिले. भूक लागेल तेव्हा जेवले, झोप येईल तेव्हा झोपले. त्यांचे झोपणे-उठणे विस्कटले नाही. ते रोज थोडे थोडे पुढे सरकत गेले, जणू त्यांचा दिवस सुमारे पंचवीस तासांचा असावा.

असाच एक कक्ष १९८० च्या दशकात आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात उभा राहिला. एम. के. चंद्रशेखरन हे त्यामागचे शास्त्रज्ञ. वटवाघळांच्या गुहांपासून माणसांच्या एकांतवासापर्यंत त्यांच्या गटाने काम केले. स्त्रीच्या मासिक पाळीचे चक्र तिच्या निजण्या-उठण्याच्या चक्राला बांधलेले नसते, असे तेथील एका अभ्यासात दिसून आले आणि १९९१ मध्ये ते ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आंडेक्सच्या पंचवीस तासांत एक गोम होती आणि ती या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्या भूमिगत खोल्यांत स्वयंसेवकांना दिवे लावायची-विझवायची मुभा होती. साधे खोलीतले दिवे. त्यांचा शरीराच्या वेळेवर काही परिणाम होत असेल असे तेव्हा कोणाला वाटले नाही. माणसाला प्रकाशाची फारशी पर्वा नसते, तो समाजाच्या वेळापत्रकावर चालतो, असाच समज होता. झाइस्लर यांच्या गटाने पुढे मंद उजेडात आणि मुद्दाम लांब-आखूड केलेल्या ‘दिवसां’त माणसे ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा १९९९ मध्ये आकडा आला सरासरी २४ तास ११ मिनिटे. मधली जवळपास पाऊण तासाची तफावत त्या दिव्यांची होती. जागरण करणाऱ्याने रात्री लावलेला दिवा त्याची रात्र आणखी पुढे ढकलत होता, आणि मोजणाऱ्यांना वाटत होते की हा शरीराचाच मूळ स्वभाव. मला या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. दिवा इतका सवयीचा झाला होता की प्रकाशाचा परिणाम शोधणाऱ्यांनाही तो दिसला नाही.

आता ही अकरा मिनिटे. पूर्वी घरातले भिंतीवरचे घड्याळ रोज थोडे मागे पडायचे आणि कोणीतरी आकाशवाणीच्या ठोक्यांवर ते पुन्हा लावायचे. शरीराचे तसेच आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. १९७२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत तो नष्ट करून पाहिला, तेव्हा त्यांच्या दिवस-रात्रीची लय मोडली. हा पुंजका शरीराची वेळ राखतो, पण तो रोज थोडा चुकतो आणि रोज त्याला दुरुस्ती लागते. ती दुरुस्ती मुख्यतः उजेडच करतो. दुरुस्ती मिळाली नाही तर पाच-सहा दिवसांत तासाभराचा फरक पडतो. ज्या आठ अंध व्यक्तींविषयी वर सांगितले, त्यांच्यासारख्या अनेकांच्या झोपेच्या तक्रारींचे मूळ येथे असते. त्यांची रात्र हळूहळू सरकत दिवसात शिरते, पुन्हा बाहेर पडते, पुन्हा शिरते.

डोळ्यात हे काम करते कोण, याचा शोध लागायला मात्र फार उशीर झाला. दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकूपेशी असतात, मंद उजेडासाठी दंड आणि रंगांसाठी शंकू, हे दीडशे वर्षे ठाऊक होते आणि हिशोब पुरा झाला असे सगळे धरून चालले होते. १९२३ मध्ये क्लाइड कीलर यांना आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकसताना दिसल्या होत्या. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९९० च्या दशकात रसेल फॉस्टर यांनी दंड आणि शंकू नसलेल्या उंदरांची लयही उजेडाने जुळते असे दाखवले, तेव्हा नेत्रविज्ञानातल्या जाणत्यांनी त्यावर विश्वास ठेवायला नकार दिला. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींत एक प्रकाशग्राही प्रथिन सापडले. त्याला मेलॅनोप्सिन म्हणतात. तेच प्रथिन सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात, अगदी थोड्या गँग्लियन पेशींत निघाले. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवले की या पेशी कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःच प्रकाश टिपतात आणि मेंदूतल्या त्या पुंजक्याला थेट कळवतात.

या पेशींचा स्वभाव दंड-शंकूंहून निराळा आहे. त्या चित्र बनवत नाहीत. त्या सावकाश जाग्या होतात आणि उजेड आहे तोवर सांगत राहतात. किती उजेड आहे आणि किती वेळ आहे याची बेरीज करतात. निळ्या-आकाशी रंगाच्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीला, त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. स्वच्छ आकाशाच्या रंगाशी हे जुळते. नेहमी पाहण्यासाठी आपण केवळ त्यांच्यावर अवलंबून नसतो आणि वेळेसाठी त्याही एकट्या नसतात. दंड-शंकूंकडून आलेला निरोपही त्यांच्यातूनच पुढे जातो.

मधल्या काळात एक भलताच दावाही झाला होता. १९९८ मध्ये गुडघ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश पाडला तरी शरीराची वेळ सरकते, असे एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले. २००२ मध्ये डोळ्यांपर्यंत जराही उजेड पोचणार नाही अशी काळजी घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला गेला आणि परिणाम शून्य आला. माणसात हे दार फक्त डोळ्यांत आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते कातडीत बनते आणि त्याला लागणारे किरण खिडकीच्या काचेत अडतात. वेळेचा निरोप नेणारा प्रकाश काचेतून येतो, पण आत येईपर्यंत त्यातला फार थोडा उरतो. सकाळचे कोवळे ऊन घ्यावे असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत, कारण खिडकीत बसलेल्या आजीला एक मिळते आणि दुसरे मिळत नाही.

किती उजेड म्हणजे पुरेसा? येथे आपली नजर आपल्याला साफ फसवते. उजेड लक्समध्ये मोजतात. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी उजेड असतो. संध्याकाळच्या दिवाणखान्यात शंभर-दीडशे लक्स. चांगल्या कार्यालयात टेबलावर तीनशे ते पाचशे. ढगाळ दिवशी उघड्यावर दहा हजारांच्या आसपास, आणि भर उन्हात एक लाख. म्हणजे पावसाळी आकाशाखाली उभा असलेला माणूस ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाच्या वीस-तीस पट उजेडात असतो. पण बाहुली आकसते, दृष्टिपटल जुळवून घेते आणि दोघांनाही नीट दिसते. दिसायला पुरेसा उजेड आणि शरीराला दिवस वाटायला पुरेसा उजेड या दोन वेगळ्या राशी आहेत. आपल्या इमारती, वर्ग, इस्पितळे आणि कार्यालये पहिल्या राशीवर बेतलेली आहेत.

२००० साली क्रिस्टियान काहोखेन आणि सहकाऱ्यांनी रात्रीच्या वेळी निरनिराळ्या प्रखरतेच्या उजेडात लोकांची तरतरी मोजली. डोळ्यांच्या संथ घरंगळत्या हालचाली, मेंदूच्या लहरी, लोकांनी स्वतः सांगितलेली पेंग, सगळे पाहिले. अवघ्या शंभर लक्सच्या आसपास प्रकाशाच्या एकूण परिणामापैकी अर्धा परिणाम झालेला होता. हा आकडा दोन बाजूंनी वाचायचा. रात्री घरातला साधा दिवाही शरीराला जागे ठेवायला पुष्कळ आहे. आणि रात्री काम करणाऱ्याला तरतरी हवी असेल तर थोडा उजेडही उपयोगी पडतो. दिवसाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. भरपूर झोप झालेल्या माणसाला दुपारी जास्त उजेडाने लगेच काय मिळते, याबाबत प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. झोप अपुरी झालेल्यांना दिवसा तेजस्वी उजेडात ठेवले तर पेंग कमी होते आणि प्रतिसादाचा वेग सुधारतो, असे मात्र दिसले आहे.

उजेड कधी मिळतो याला किती मिळतो याइतकेच महत्त्व आहे. शरीराचे आतले तापमान दिवसभरात साधारण अंशभराच्या आत वरखाली होते. नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या सुमारे दोन तास आधी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पहाटे चार-पाचला, ते सर्वांत खाली असते. याच सुमारास माणसाचे लक्ष सर्वांत ढिले असते आणि चुका सर्वांत जास्त होतात. या तळाच्या आधी, रात्रीच्या पहिल्या भागात मिळालेला उजेड शरीराची वेळ उशिरा करतो. तळ उलटल्यावर, सकाळी मिळालेला उजेड ती लवकर आणतो. तोच दिवा, तेवढाच प्रखर, पण चार तासांच्या अंतराने उलट परिणाम करतो. उजेड चांगला की वाईट, असे सरसकट कोणी विचारले तर म्हणूनच उत्तर देता येत नाही.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाविषयी आपल्याकडे फार बोलले जाते. पालकसभेत, डॉक्टरांच्या खोलीत, चष्म्याच्या दुकानात तर हमखास. २०१५ मध्ये बॉस्टनच्याच गटाने दाखवले की झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशित पडद्यावर वाचन केल्यास मेलॅटोनिन दबते आणि त्याची वेळ पुढच्या रात्री दीड तासाने पुढे सरकते. हे खरे आहे. पण त्याच अभ्यासात झोप लागायला उशीर झाला तो सुमारे दहा मिनिटांचा, आणि त्या स्वयंसेवकांनी तो दिवस मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत काढलेला होता. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात स्वयंसेवकांना आधी साडेसहा तास चांगल्या उजेडात ठेवले आणि मग दोन तास टॅबलेटवर वाचायला दिले. परिणाम दिसलाच नाही. दिवसभर भरपूर उजेड पाहिलेला डोळा संध्याकाळच्या थोड्या उजेडाने सहज फसत नाही. मुलाच्या हातातला फोन काढून घेणे सोपे नाही हे मला कळते, पण त्याचा दिवस उजेडात जातो की नाही हा प्रश्न आपण त्याआधी विचारत नाही, याची मला खंत वाटते.

२०१३ मध्ये केनेथ राइट यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो येथे काही तरुणांना आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेले. शेकोटी चालेल, बॅटरी नाही, फोन नाही. त्यांना मिळणारा उजेड शहरातल्या दिवसांच्या चौपट झाला आणि त्यांच्या शरीराची रात्र सुमारे दोन तास आधी सुरू होऊ लागली. रात्रीचे जीव आणि पहाटेचे जीव यांतले अंतरही कमी झाले. आपण ज्याला जन्मजात स्वभाव समजतो त्यातला बराचसा भाग आपल्या भिंतींनी घडवलेला असतो.

आपल्या घरांचा विचार या अंगाने कोणी केलेला मला दिसला नाही. वाड्याला चौक होता, घराला ओसरी किंवा पडवी होती. धान्य निवडणे, दाढी करणे, म्हाताऱ्यांचे बसणे, मुलांचा अभ्यास हे सगळे छपराखाली पण आकाशासमोर चालायचे. त्या घरांतल्या आतल्या खोल्या कोंदट आणि काळोख्या होत्या, आणि स्त्रियांच्या वाट्याला त्याच जास्त येत. म्हणून मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. पण ओसरीतून फ्लॅटच्या बंद केलेल्या बाल्कनीपर्यंत येताना आपण जे गमावले ते लक्सच्या भाषेत हजारांत मोजावे लागते. याचा सर्वांत मोठा फटका म्हाताऱ्यांना बसतो. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळे पडते, नेमका निळा प्रकाश अडवते. मोतीबिंदू त्यात भर घालतो. म्हणजे ज्यांना जास्त उजेड लागतो तेच दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत असतात. नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या बारा निवासांत १८९ जणांवर एक दीर्घ अभ्यास झाला. काही निवासांतील सामायिक खोल्यांचा उजेड दिवसभर हजार लक्सपर्यंत वाढवला होता. तेथील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची बौद्धिक घसरण थोडी मंदावली आणि उदासीची लक्षणे कमी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला गुण मोठा नव्हता, पण उपाय छतावर दिवे वाढवण्याइतका साधा होता.

महाराष्ट्राच्या बाबतीत वेळेचाही एक पेच आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक प्रमाणवेळ आली, पण मुंबईने ती मनावर घेतली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. ही ३९ मिनिटे सूर्याची आहेत. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी बारा वाजून ३९ मिनिटांनी. जानेवारीत तेथे सव्वासातच्या सुमारास सूर्योदय होतो, आणि सातला भरणाऱ्या शाळेतले मूल अंधारात घराबाहेर पडते. नागपूरला तोच सूर्य वीसेक मिनिटे आधी उगवतो. शाळेची घंटा मात्र तीच. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या आकडेवारीवरून दाखवले आहे की जेथे सूर्य उशिरा मावळतो तेथे मुले उशिरा झोपतात, पण उठतात शाळेच्याच वेळेला, आणि त्यांची झोप कमी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण शरीराची वेळ सर्वांत उशिरा सरकते ती किशोरवयात, मेरी कार्सकॅडन यांनी हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवले आहे. म्हणजे ज्यांना उशिराच्या शाळेची खरी गरज आहे ती आठवी-नववी-दहावीची मुले या निर्णयाच्या बाहेर राहिली. आणि शाळा नऊला भरली तरी वर्गाच्या खिडक्या कशा आहेत, मधली सुट्टी मैदानात जाते की जिन्यात, हे प्रश्न उरतातच.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनी या विषयाची दुसरी बाजू भोगलेली असते. डिसेंबरात लंडनला सूर्य आठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. नॉर्वेत ट्रॉम्सोला तो आठवडेच्या आठवडे वर येतच नाही. हिवाळ्यात दरवर्षी येणारी उदासी हा आजार असू शकतो असे नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ मध्ये मांडले आणि सकाळच्या प्रखर प्रकाशाचा उपचार सुचवला. आज तो उपचार रूढ आहे. थंडीत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तेथे करमत नाही त्यामागे एकटेपणा असतोच, पण उजेडाचाही भाग असू शकतो, आणि त्यावर इलाज आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मी या पुस्तकात सविस्तर घेतला आहे. सुरुवातीची कित्येक दशके गिरणीचा दिवस सूर्य ठरवायचा. उजाडले की भोंगा, अंधारले की सुट्टी. उन्हाळ्यात काम जास्त तास, हिवाळ्यात कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांत विजेचे दिवे आले आणि तेजीच्या दिवसांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्यावर कामगारांत असंतोष उसळला, चौकशी आयोग बसला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा आली. दिवा लागला की काम कोणाचे वाढते आणि नफा कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे. तासांवर मर्यादा आली, पण रात्र खुली झाली ती झालीच.

रात्री जागणाऱ्यांची यादी आता कितीतरी लांब आहे. इस्पितळातल्या परिचारिका, पोलीस, एमआयडीसीतले तीन पाळ्यांचे कामगार, गळीत हंगामातले साखर कारखाने, पुण्याची कॉल सेंटरे, सोसायट्यांचे पहारेकरी. आणि ज्याला कोणी रात्रपाळी म्हणत नाही असा शेतकरी. शेतीपंपाला ‘लाइट’ रात्री असेल त्या आठवड्यात तो मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जातो, पहाटे चारला चिखलात उभा असतो. साप, विजेचा धक्का, विहिरीचा काठ हे धोके त्या वेळी असतात आणि शरीर नेमके त्या घडीला सर्वांत कमी सावध असते. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्याकडे मी आरोग्याची योजना म्हणूनही पाहतो. रात्रपाळी बहुधा कर्करोगाला कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला. रात्री खाल्लेल्या त्याच जेवणाने रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते, हेही आता पक्के ठाऊक आहे.

२०२२ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन काही आकडे सुचवले. ते मेलॅनोपिक लक्समध्ये आहेत, म्हणजे त्या खास पेशींना जाणवणाऱ्या उजेडाच्या मापात, आणि ते टेबलावर नव्हे तर डोळ्याच्या पातळीवर मोजायचे आहेत. दिवसा किमान २५०, झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १०, झोपताना जास्तीत जास्त १. पिवळसर दिव्याच्या शंभर साध्या लक्समधून या मापाने निम्मेही हाती लागत नाहीत. घराच्या आत बसून पहिला आकडा गाठणे बहुतेकांना जमणार नाही. अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर तो काही न करता गाठला जातो.

पुस्तकाचे पहिले प्रकरण मी रात्रपाळीवर ठेवले आहे. कालक्रमाने लाजाळूचे झाड आधी यायला हवे होते, पण ज्यांना हे ज्ञान उद्या रात्रीच लागणार आहे त्यांना शंभर पाने थांबवणे मला पटले नाही. त्या प्रकरणात पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात वॉर्डात उजेड वाढवावा आणि शेवटच्या दोन तासांत कमी करावा तो कशासाठी, सकाळी घरी जाताना गडद चष्मा कधी उपयोगी आणि स्वतः गाडी चालवत असाल तर तो का घालू नये, दिवसा झोपण्याची खोली किती काळोखी हवी, आठवड्याला पाळी बदलणे आणि एकच पाळी दीर्घकाळ करणे यांत शरीराला काय फरक पडतो, हे सगळे आहे. यातले काही एकट्या परिचारिकेला करता येईल. वॉर्डातल्या दिव्यांचे आणि पाळ्यांच्या तक्त्याचे मात्र तिच्या हातात नसते. ते ज्यांच्या हातात असते त्यांच्यासाठी त्या प्रकरणाच्या शेवटी वेगळी पाने आहेत.